ताईच्या करवतीला मोपेडचं इंजिन

टेबलावर पंचवीस सीसीचा एक चेनसॉ होता, पोटातलं इंजिन काढून घेतलेला. शेजारी भंगारातल्या मोपेडचं पन्नास सीसीचं इंजिन. बोल्ट अकरा, त्यांतले बसणारे चार. स्क्रूड्रायव्हर एक, तोही टोक झिजलेला. ताईच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या भावोजींना, एवढं सामान भरपूर वाटत होतं.

चेनसॉ, म्हणजे साखळीवर दात असलेली यांत्रिक करवत, ताईचा होता. दुसऱ्या दिवशी लाकडाच्या वखारीत तिची चाचणी होती. तीस सेंटिमीटर जाडीचा ओंडका दोन मिनिटांत कापला तर कायमची नोकरी. आदल्या आठवड्यात मी घड्याळ लावून पाहिलं होतं. तसाच ओंडका तिने सव्वा मिनिटात कापला होता. म्हणजे काहीही करायची गरज नव्हती. भावोजी नेमके अशाच ठिकाणी हात घालतात.

"दुप्पट सीसी म्हणजे अर्धा वेळ," ते मला म्हणाले. "साधं गणित आहे, शास्त्रज्ञबाई."

"भावोजी, साखळी उलटी फिरतेय."

"यंत्राला काय उलटं न् सुलटं?"

मोपेडच्या इंजिनाचा दांडा नको त्या बाजूने बाहेर येत होता, म्हणून त्यांनी अख्खं इंजिनच पाठमोरं बसवलं होतं. अंगणात त्यांनी करवत एका फळीवर टेकवली. दातांची पाठ लाकडावर घासली, धूर निघाला, फळी जशीच्या तशी. मग त्यांनी साखळी काढली आणि उलटी करून चढवली. आता दात लागले. बोटभर जाडीची फळी तुटली, तेव्हा त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की जणू चाकाचा शोध लागला.

"अहो, माझं जुनं इंजिन बसवा परत," ताई म्हणाली.

"ते भंगारवाल्याला दिलं. अदलाबदल केली."

"मला विचारलंत?"

"अगं, तुला चकित करायचं होतं!"

"झाले. आता पुढे?"

मी समजावून पाहिलं. आधी साखळी करवतीला लाकडाकडे ओढायची. आता ती करवतीला धरणाऱ्याच्या पोटाकडे ढकलणार.

"मग पोट आत घ्यायचं!" भावोजी म्हणाले आणि एकटेच हसले. त्यांचं स्वतःचं पोट आत जाण्यातलं नव्हतं.

ताईने दुसरा चेनसॉ मिळतो का ते तीन ठिकाणी विचारलं. मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी वखारीत मुकादमाने ते साडेनऊ किलोचं प्रकरण खालून वर न्याहाळलं. "बाई, करवत आणलीत की गाडी?"

"इंजिनिअरिंग आहे," भावोजी मागून म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मुकादमाने घड्याळाचं बटण दाबलं. ताईने करवत ओंडक्यावर टेकवली आणि करवतीने तिला दोन पावलं मागे रेटलं. ती पुन्हा पुढे गेली, पाय रोवून, कोपर मांडीला टेकवून. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिच्या दंडाच्या शिरा दिसत होत्या.

"दाब, जोर लाव!" भावोजी ओरडले.

"तुम्ही गप्प बसा हो," ताई म्हणाली. वखारीतली माणसं हसली, तिला नाही.

दोन मिनिटं झाली. मुकादमाने इंजिन बंद करायला लावलं, खिशातून पट्टी काढली आणि चिरेत घातली.

खोली चौदा मिलिमीटर.