सहमचे कडुनिंब आणि माझी चूक

मित्रांनो, मी एक जुनी कापडी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ना, तशी. ओमानमधल्या सहम गावात हवाबी घरीच बायकांचे कपडे शिवायची. १९९७ साली तिच्यासाठी मला मस्कतजवळच्या मत्रहच्या बाजारातून आणलं. तिचा नवरा अमीन मूळचा रत्नागिरीकडचा. झाडं लावणाऱ्या एका कंपनीत तो माळी होता.

त्याच हिवाळ्यात रस्ता रुंद करायचं ठरलं. वाटेत सात कडुनिंब उभे होते. ते तोडले नाहीत, तर मुळांभोवतीच्या मातीसकट उचलून नव्या बागेत लावले. ती झाडं जगतात का, हे बघायचं काम अमीनकडे आलं. कंपनीची टेप हरवलेली, म्हणून त्यानं मला मागून नेलं.

प्रत्येक खोडावर छातीच्या उंचीला चुन्याची रेघ होती. दर महिन्याला तिथे मला गुंडाळायचं आणि घेर वहीत लिहायचा. शेवटच्या झाडाचा पहिला घेर बासष्ट सेंटिमीटर भरला. अमीन मला घामट हातांनी करकचून ओढायचा. मी उन्हात तापायचे, पाइपाच्या पाण्यात भिजायचे. कंपनीतले त्याचे वरिष्ठ, चिपळूणचे रमणसाहेब वही बघून म्हणायचे, "अमीनभाई, तुमचं काम चोख." मी मनातून फुलून जायचे.

वर्षभरानं त्याच झाडावर मी साडेएकसष्ट दाखवलं.

"खोड आक्रसतंय, पानंही झडलीत," रमणसाहेब म्हणाले. "सातही झाडांचं तेच. खलास! पुढच्या आठवड्यात काढा, खजूर लावू."

"साहेब, बऱ्याच झाडांची साल नखानं खरवडली तर आत अजून हिरवं दिसतंय."

"मग माप का उतरतंय?"

अमीन वहीतले आकडे पुन्हा पुन्हा चाळू लागला.

त्याच आठवड्यात शेजारची रहिमा झगा परत घेऊन आली; हवाबीनं तो वहीतल्या जुन्या मापावरून, कापड माझ्यानं मोजून शिवला होता. तो खांद्यात सैल झाला होता. हवाबी चकित झाली. तिनं लोखंडी पट्टी माझ्याशेजारी ठेवली आणि दोनदा मोजलं.

"अहो, ही टेप ताणली गेलीय! ही साठ म्हणते तिथे एकसष्टच्याही पुढे भरतंय. तुमची झाडं आटली नाहीत हो!"

मित्रांनो, त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यामुळे जिवंत झाडांवर कुऱ्हाड पडणार होती.

सकाळी अमीन थेट रमणसाहेबांसमोर जाऊन उभा राहिला. "चूक झाडांची नाही, माझी आहे. कापडी टेप एवढी ओढायला नको होती. पोलादी टेपनं पुन्हा मोजू या. त्यातूनही जे झाड वाळलेलं ठरेल, ते मी माझ्या हातानं खणून काढीन."

साहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "यल्ला, चला."

शेवटचं झाड बासष्टवर सात मिलिमीटर भरलं. पाच झाडं वाढली होती. दोन मात्र खरोखरच आक्रसली होती, सालीखाली तपकिरी पडली होती. ती दोन अमीननं बोलल्याप्रमाणे स्वतः काढली. उरलेल्या पाचांसाठी त्यानं आणखी एक उन्हाळा मागून घेतला आणि तो पाणी घालत, मोजत राहिला. पुढच्या वसंतात प्रत्येक फांदीला वीतभर नवी पालवी आली. २००५ साली त्या सावलीत लोक डबे उघडून जेवायला बसू लागले.

मला मात्र पुन्हा कुणी मापाला घेतलं नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

एवढंच सांगते. जागा बदललेलं झाड वर्षभर वर काही दाखवत नाही, कारण ते खाली मुळं धरत असतं. त्याला वेळ द्या, पाणी द्या. आणि ते मेलं असं म्हणण्याआधी, ज्यानं मोजलंत त्यालाही एकदा मोजून पाहा.