नेवाशाला सोडलेली पाखरं

अकरा मे दोन हजार चोवीस, शनिवार. सकाळी साडेसातला नेवाशाच्या पुलापलीकडे मी कादरभाईंच्या टोपलीचं झाकण उघडलं आणि त्यांची अकरा कबुतरं सोडली. तेव्हा मला जे ठाऊक होतं ते कादरभाईंना नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

मी पदार्थविज्ञानाचा निवृत्त मास्तर. नगरजवळच्या केडगावात कादरभाईंच्या आणि माझ्या घराची भिंतीला भिंत. सूर्यावरून उसळलेले झोत पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळणार, अशा बातम्या आदल्या दिवशी येत होत्या. मी हौसेने दोऱ्याला लोहचुंबक टांगलं, त्याला आरशाचा तुकडा चिकटवला आणि टॉर्चचा ठिपका भिंतीवर पाडला. पहाटे पाहतो तर दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, आणि ठिपका सरकतोय. थांबायचा, पुन्हा सरकायचा. घरात कुणीतरी दबकत फिरतंय असं वाटून अंगावर काटा आला. तीस वर्षं फळ्यावर शिकवलेलं पहिल्यांदा डोळ्यांना दिसत होतं. खरं सांगतो, मला आनंदच झाला.

कबुतरं घरची वाट शोधायला पृथ्वीच्या याच चुंबकत्वाचा आधार घेतात म्हणतात. कादरभाईंची पाखरं उडवायला लांब नेऊन सोडायचं काम नेहमी माझं. त्या सकाळी टोपली माझ्या गाडीत ठेवताना त्यांनी विचारलं, "आज हवा बरी हाय न्हवं, सर? नूरी पन हाय यात." नूरीला त्यांच्या बायकोने, सबिहाभाभींनी, पिल्लू असताना हाताने भरवून जगवलं होतं. भाभी गेल्यापासून कादरभाई घरात फक्त नूरीशी बोलायचे.

मी म्हणालो, "एकदम छान हवा." पाखरं चुकतात का, ते मला बघायचं होतं. एवढंच. सांगतानाही लाज वाटते.

एरवी ती दोन घिरट्या घेऊन नैऋत्येला, नगरच्या दिशेने सुटतात. त्या दिवशी पाऊण तास माझ्या डोक्यावर नुसती फिरत राहिली. आभाळ स्वच्छ, पानही हलत नव्हतं. मग थवा फुटला आणि ज्याला जिकडे वाटलं तिकडे ते गेलं. मी पळून आल्यासारखा गाडी हाकत घरी आलो.

तासाभरात पोचणारी पाखरं दुपार झाली तरी नव्हती. कादरभाई भर उन्हात गच्चीवर दाण्याचा डबा वाजवत उभे. चारच्या सुमारास एकटी नूरी आली. "आली, माझी बाय आली!" ते ओरडले. ती इतकी खाली फिरत होती की पंखांचा आवाज ऐकू यायचा. कबुतरांच्या ढाबळीचं दार उघडं, डबा वाजतोय, मालक हाका मारतोय. पण ती उतरेना. खाली गच्ची नाहीच, अशी ती फिरत होती. मग सरळ उत्तरेकडे निघाली आणि दिसेनाशी झाली.

कादरभाईंनी डबा खाली ठेवला.

"माझीच चूक हाय, सर. उडवायच्या आदल्या दिशी दाना निम्माच द्यायचा आसतो. भुकेलं पाखरू घर धरतं. पन काल सबिहाची बरसी हुती. समद्यांना पोटभर घातलं. भरल्या पोटी कशाला उतरंल ती? तसंच झालं न्हवं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या ओठांपर्यंत आलंही.

"तसंच असेल," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्या संध्याकाळी, सकाळी न पाठवलेल्या, ढाबळीतच राहिलेल्या चार पाखरांना कादरभाईंनी दाणा घातला नाही.