हिवरखेडची वरची ओळ

"चाचा, कम्प्युटर नाव घेते, पासवर्ड घेते, अन् मंग तिथंच बसून राहाते," दीक्षा हिवरखेडच्या संगणक केंद्रातून फोनवर सांगत होती. "अकरा पोरी थांबल्या हायेत. पाच वाजता नर्सिंगचे फॉर्म बंद होतात."

"घाबरू नको बेटा. मी पाहून राहिलो न," इनायतुल्ला म्हणाला आणि स्वतःच घाबरला. तीन वाजून गेले होते.

गावोगावच्या संगणक केंद्रांची नावं तपासणारा सर्व्हर अकोल्यात होता आणि तो सांभाळणं हे इनायतुल्लाचं काम. साहेब त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी पद सांगत. तो स्वतःला चौकीदार म्हणे. ओळख पटली की सर्व्हर त्या केंद्राला अमरावतीच्या, फॉर्म घेणाऱ्या मोठ्या यंत्राकडे जाणारा टनेल, म्हणजे बोगदा, उघडून द्यायचा. साल दोन हजार आठ. कापसानं पुन्हा तोंडाला पानं पुसली होती आणि घरात एक तरी पगार यावा म्हणून पोरी नर्सिंगला निघाल्या होत्या.

त्यानं अमरावतीला फोन लावला. "आमच्याकडं सारं चालू हाये, तुमचंच पाहा," असं उत्तर आलं. परतवाडा चालू, तेल्हारा चालू. अडलं होतं फक्त हिवरखेड.

शेवटी त्यानं सेटिंगची फाईल उघडली आणि कपाळावर हात मारला. हिवरखेडच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत अमरावतीच्या जुन्या यंत्राचा पत्ता होता, खालच्या ओळीत नव्याचा. जुनं यंत्र कालच बंद झालं होतं.

ती वरची ओळ देवमनची. दीक्षाचा बाप. केंद्र सुरू केलं तेव्हा तो अकोल्याला आला होता आणि एका बोटानं, पाव तास घेऊन, हट्टानं ती ओळ त्यानंच टाइप केली होती. मागल्या साली काविळीनं गेला. दीक्षा अजून त्याच्याच नावानं लॉगिन करून केंद्र उघडते. काल इनायतुल्लानं साऱ्या गावांचे पत्ते बदलले, पण इथं त्याचा हात थांबला. थोरल्याचं वर, नव्याचं खाली, अशी घरातली रीत त्यानं सर्व्हरलाही लावली. सर्व्हरला कुठली रीत? तो वरून वाचतो, नाव जुळलं की तिथंच थांबतो. दिवसभर तो बिचाऱ्या पोरीला बंद दाराशी नेऊन सोडत होता.

इनायतुल्लानं ओळ एकदा वाचली. मग पुसली. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला.

"आता लाव," त्यानं दीक्षाला फोनवर सांगितलं.

"लागलं चाचा! काय बिघडलं होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "माहीच चूक हाये. तुह्या बाबानं लिहिलेली ओळ ठेवली होती म्या. तिनंच अडवलं. आत्ता पुसली."



"बरं केलं," दीक्षा म्हणाली. "पोरी ताटकळत ठेवल्या म्हणून बाबा तुमालेच बोलले असते."

"बोललाच असता," इनायतुल्ला म्हणाला. त्याला देवमनची फार आठवण आली.

स्क्रीनवर जोडलेल्यांची यादी होती. त्यात लिहिलं होतं: देवमन, हिवरखेड. तो यादीसमोरच बसून राहिला. पाचला चार मिनिटं कमी असताना अकरावा फॉर्म पोचल्याचं दीक्षानं कळवलं. मग तिनं केंद्र बंद केलं, आणि यादीतून देवमनचं नाव गेलं. त्या जागी परतवाडा वर सरकला.