आतून कडी नसलेलं घर

"आंघोळ स्वतःची स्वतः करतात का?" फॉर्मवरची नजर न काढता वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाईंनी मला विचारलं.

"करते की," आत्या म्हणाली. "बहिरी नाहीये मी. मला विचारा."

मेट्रनबाईंनी आत्ता कुठे तिच्याकडे नीट पाहिलं. चौसष्ट वर्षांची ठेंगणी बाई, कपाळावर डाव्या बाजूला पाच टाके, मांडीवर कपड्यांची पिशवी. मग पुन्हा मलाच विचारलं, "फिट आली की पडतात? मग इतकी वर्षं लक्ष कोण ठेवायचं?"

"माझे बाबा. गेल्या महिन्यात गेले."

बाबा आत्याचे पाठचे भाऊ. तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनचे मिस्त्री होते. हॉलमध्ये दीडशे मशिनं एकदम धडधडत असायची, पण कुठलं बिघडलंय ते त्यांना नुसतं दारात उभं राहून कळायचं. घरी हाच कान आत्याकडे लागलेला असे. तिला सातव्या वर्षापासून फिट यायच्या आणि त्यांना काळवेळ नव्हता. म्हणून आमच्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. बाबांनी सगळ्या काढून टाकल्या होत्या आणि स्क्रूची भोकं पुट्टीने बुजवली होती. आत्या आंघोळीला गेली की ते दाराबाहेर स्टूल टाकून बसत.

"ताई, बोल."

"काय बोलू? पाणी गार आहे."

"अजून बोल."

"तू मूर्ख आहेस."

"बरं. पुढे?"

चूळ भरण्यापुरती शांतता झाली तरी ते डोळे गच्च मिटून दार ढकलत. आतून तांब्या अंगावर आला तर ठीक, म्हणजे ताई शुद्धीवर आहे.

पुढे पुढे ती सवय आम्हा सगळ्यांनाच लागू झाली. मी आत असले तरी बाहेरून हाक यायची, "आहेस ना गं?" पंधराव्या वर्षी मी मुद्दाम उत्तर द्यायची नाही. कॉलेजातली एक मैत्रीण एकदा घरी आली, बाथरूममध्ये गेली आणि दार लागत नाही म्हणून तशीच परत आली. चहा निम्मा ठेवून निघून गेली. त्यानंतर मी कुणाला घरी बोलावलं नाही.

आई म्हणायची, "लग्न माझं झालं, संसार या भावाबहिणीचा." आल्यागेल्याला ती हे हसून सांगायची. चार वर्षांपूर्वी, शेवटच्या आजारपणात, मला एकदा न हसता सांगितलं.

बाप म्हणून बाबांनी काही कमी केलं असं मी म्हणणार नाही. मोडीत काढलेल्या मशीनच्या फळीचं त्यांनी मला अभ्यासाचं टेबल करून दिलं होतं, सुई जायच्या भोकात माझं पेन उभं राहायचं. पण दुपारच्या सुट्टीत सायकल मारत घरी यायचे ते आत्याला वाढायला. सुपरवायझर व्हायला दोनदा नाही म्हणाले, कारण सुपरवायझरला दुपारी जागा सोडता येत नाही. मला पदवी मिळाली तेव्हा त्यांच्यासाठी धरून ठेवलेली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. पाच महिन्यांपूर्वी माझं बाळ जन्मलं, तेव्हा कारखान्याच्या कपड्यांतच दवाखान्यात आले. तीनदा हात धुतले, तेलाचा वास जातोय का म्हणून हुंगून पाहिले, मग बाळाला घेतलं. दहा मिनिटांनी माझ्या कुशीत परत ठेवलं.

"निघतो. ताई एकटी आहे."

"बाबा, मीसुद्धा एकटीच आहे इथे."

"तुझ्याजवळ नर्स आहे ना," ते म्हणाले. त्यांना ते अगदी बिनतोड वाटलं असणार.

एका मशीनखाली हात घालून बसलेले असतानाच ते कलंडले. भेटायला आलेला प्रत्येकजण म्हणाला, देवमाणूस. धाकटे काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दादाने केलं ते आम्हाला नाही जमायचं गं." हे बाबांचं कौतुक होतं की राजीनामा, हे कळायच्या आत त्यांची गाडी निघाली होती. पेपरातल्या चार ओळी मीच लिहिल्या: 'कर्तव्यदक्ष पिता आणि प्रेमळ बंधू.' माझी भाषा चांगली आहे असं सगळे म्हणतात.

आत्या माझ्याकडे आली. आल्या दिवशी मी बाथरूमची कडी काढली. नवऱ्याने स्क्रू हातात घेऊन विचारलं, "हे किती दिवस?" मी बाळाला खांद्यावर घेऊन दाराबाहेर बसायला लागले. बाळ रडलं की आतलं ऐकू येत नसे. आतलं ऐकत बसले की बाळ खांद्यावर श्वास घेतंय ना, हे तपासायचं राहून जाई. मी मुळातच घाबरट. बाळ झोपलं तरी दर थोड्या वेळाने त्याच्या नाकाशी बोट धरणारी. दोन माणसांसाठी कान लावायला मला बाबांसारखा कान नव्हता.

सतराव्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. बाळ आत्याकडे होतं, पाच मिनिटांसाठी. धप्प आवाज आला.

मी धावले. बाळ खोलीच्या मधोमध सतरंजीवर उताणं होतं, डोक्याखाली शालीची घडी, मूठ चोखत होतं. आत्या दोन हात लांब, पलंगाच्या पायाशी झटके देत पडली होती, कपाळातून रक्त येत होतं. फिट येणार हे तिला काही क्षण आधी कळतं. त्या क्षणांत तिने पलंग धरला नव्हता, खाली बसली नव्हती. बाळाला ठेवलं होतं आणि अंगावर पडू नये म्हणून स्वतः बाजूला सरकली होती.

मी आधी बाळ उचललं. कुठे लागलंय का ते पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. मग पुन्हा एकदा पाहिलं. मग आत्याकडे वळले.

"हे बघा," मेट्रनबाई पेन खाली ठेवून म्हणाल्या, "खाट एकच रिकामी आहे आणि यादीत अकरा जणी आहेत. घरात ठेवणं धोक्याचंच असेल तर मी यांना आधी घेईन, नाहीतर नंबर लावा. टाके कशाने पडले?"

"बाळ हातात होतं," मी म्हटलं. "तेव्हाच फिट आली."

"अगं बाई! मग पडलं बाळ?"

आत्या शेजारीच बसली होती. नाही म्हणायचं होतं. तिने खाली ठेवलं, शालीची घडी केली, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर आम्ही दोघी रिक्षाने घरी गेलो असतो.

"थोडक्यात वाचलं," मी म्हटलं.

मेट्रनबाईंनी आत्याकडे पाहिलं. "खरं का हो, आजी?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं असावं. मी टेबलावरच्या शिक्क्याकडे पाहत होते.

"हो," ती म्हणाली. "निसटलं हातातून. माझा काही भरवसा नाही. लिहा तसं."

मेट्रनबाईंनी तसं लिहिलं. मी वाचून सही केली.

वरच्या मजल्यावर सहा खाटांची खोली होती. आत्याला खिडकीशेजारची मिळाली. मी चादर घातली, गोळ्या उशाशी ठेवल्या, पुढच्या रविवारी येते म्हणाले. ती म्हणाली, "धावपळ नको करूस." मला जवळ घेऊ दिलं, पण तिचे हात पिशवीवरच होते.

मी बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या माठाचं पाणी घेतलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा आवाज आला, "कोणी आणून टाकलं हो तुम्हाला?"

"टाकतंय कोण? मीच आले," आत्या म्हणाली. "घरात लहान बाळ आहे ना. भाची येऊ देत नव्हती, रडत होती सारखी. माझ्या भावासारखीच आहे अगदी."

मी पेला खाली ठेवला. बाळाच्या दुधाची वेळ टळून गेली होती, ब्लाउज दोन्ही बाजूंनी ओला झाला होता. मी पदर पुढे ओढून घेतला आणि जिना उतरले.