ताराबाईंच्या डोक्यातला कोंडा

वसंतराव अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. सगळ्या नोकरीत ते कुणाला ठामपणे काही बोलले नाहीत. निवृत्तीनंतर एकदाच बोलले, तेही सुनेला, तिच्या आईसमोर.

पत्नी ताराबाईंचा उजवा हात अर्धांगवायूनं लुळा पडल्यापासून त्यांची वेणी सून अबोली घालायची. पुढे ताराबाईंच्या डोक्यात कोंडा झाला. वसंतरावांनी कपाटातलं आरोग्याचं एक जुनं पुस्तक काढलं. दुसऱ्याचा कंगवा वापरल्यानं कोंडा पसरतो, असं त्यात छापलं होतं. सासू-सुनेचा कंगवा एकच होता. अबोलीची आई बार्शीटाकळीहून आली असताना त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि अबोलीपुढे ठेवला.

"हा तुझ्याजवळच ठेव. तुझ्या डोक्यातलं हिच्या डोक्यात आलं."

"आमच्या पोरीच्या डोक्यात काई नाई, व्याहीबुवा," तिची आई म्हणाली. "पाहून घ्या पायजे तं." आणि तिनं खरोखरच लेकीचं डोकं उजेडाकडे ओढून भांग उघडून दाखवला. वसंतरावांनी मान वळवली.

त्या दिवसापासून अबोलीनं सासूच्या डोक्याला हात लावला नाही. मग वसंतरावच सकाळ-संध्याकाळ कोमट खोबरेल चोळू लागले. टाळू कोरडी पडली की कोंडा होतो, हेही त्याच पुस्तकात होतं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या केसांत त्यांनी कधी बोटं घातली नव्हती. त्यांना ते काम आवडू लागलं. कोंडा मात्र वाढत गेला. पिवळट, चिकट खपल्या भुवयांपर्यंत उतरल्या. ताराबाई डाव्या हातानं रक्त येईस्तोवर खाजवायच्या.

शेवटी ते त्यांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

"तेल कोण लावतं?"

"मी."

"आजपासून बंद. टाळूवर सगळ्यांच्याच एक बुरशी असते, ती तेलकटपणावर पोसते. काहींना तिचा त्रास होतो, अर्धांगवायूनंतर जास्तच. तुम्ही तिला दोन वेळचं जेवण घालत होता."

"आणि कंगव्यानं लागतो तो?"

"कोंडा लागत नसतो, काका. हा औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा. फेस पाच मिनिटं राहू द्या, मग धुवा. आटोक्यात येईल, पण अधूनमधून धुवावं लागेलच."

ऑटोत ताराबाईंनी विचारलं, "अबोलीला सांगाल ना?"

"सांगतो."

वाटभर त्यांनी मनात वाक्यं जुळवली. घरी अबोली मेथी निवडत होती. तिच्यासमोर एवढंच निघालं, "कंगव्यामुळं नव्हतं."

"मले माहीत होतं, बाबा."

"माझं चुकलं. तू आता पहिल्यासारखी वेणी..."

"नाई. उद्या अजून काई निघालं तं? तुमच्याजवळ पुस्तकं आहेत. माह्याजवळ काय आहे?"

"तुझ्या आईला फोन करतो."

"नका करू. तिनं घरी कोणाले सांगतलं नाई ते."

दुसऱ्या सकाळी त्यांनी ताराबाईंना न्हाणीघरात स्टुलावर बसवलं. पाच मिनिटं ठेवायचा, असं मोठ्यानं म्हणत त्यांनी फेस केला, तो डोळ्यांत गेला.

"अबोली, तू ये गं," ताराबाई कळवळल्या. "यांना जमत नाही."

अबोली दारापर्यंत आली. वसंतराव बाजूला सरले, तांब्या पुढे केला. तिनं तो घेतला नाही. मागे वळून घड्याळ पाहिलं.

"तीनच मिनिटं झाले, आई. डोळे मिटून बसा."

उरलेली दोन मिनिटं ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मग म्हणाली, "झाले. धुवा आता, बाबा."