राजाचा पक्का दात

आसगावच्या मंडईत राजा एकच, तेजराम. दिवाळी सरली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायची, घरोघरी पाहुणे उतरायचे आणि नाटक व्हायचं. त्यात राजाचं काम त्याचं, हे ठरलेलंच. धान कापायला बांधीत उतरतानाही त्याचा एक हात कमरेवर असायचा. लोक त्याला 'राजे' म्हणत. ती थट्टा आहे हे त्याच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात म्हशीनं मान झटकली आणि शिंग लागून त्याचा समोरचा वरचा दात गेला. गावात त्यानं सांगितलं, सांडाशी झुंजलो. अड्याळच्या बाजारातल्या दातवाल्यानं नकली दात बसवून दिला. मंडईच्या नाटकात राजा "सेनापती!" म्हणून गरजला आणि दात सुटून थेट तबल्यावर पडला. तबलजी मंगरूनं तो उचलला, प्रसादासारखा कपाळाला लावला आणि राजाला परत दिला.

नाटक मंडळाचा अध्यक्ष इश्वर पाटील दुसऱ्याच दिवशी घरी आला.

"तेजराम, पुढच्या मंडईले पक्का दात लावून ये. नाई तं राजा होईल भोजराज. तुले विदूषक करू, त्याले दात नसला तरी चालते."

तेजरामच्या अंगाची लाही लाही झाली. मंडळातल्या भोजराजला एक भाषण धड पाठ होत नसे. पण दात बत्तीस! आणि विदूषक? जीव गेला तरी बेहत्तर.

त्याची बायको कौशल्याबाई. तिचा भाऊ घनश्याम जवाहरनगरच्या फॅक्टरीत होता, म्हणून जगातलं सगळं त्याला कळत असे. तो म्हणाला, "भाऊजी, नागपूरले एक डॉक्टर आला हाये. जबड्यात स्क्रू पिळते अन् त्याच्यावर दात बसवते. आमी फॅक्टरीत दुसरं काय करतो?"

जिनं दात पाडला तीच म्हैस विकून तेजराम नागपूरला गेला. डॉक्टरनं फोटो काढून पाहिला.

"इथलं हाड खचलंय. स्क्रू कशात पिळू? आधी हाड भरावं लागेल."

"कोनाचं?" तेजरामच्या डोळ्यांसमोर बकरा आला.

"तुमचंच. कमरेच्या हाडातून थोडं काढू."

तेजरामनं होकार दिला आणि घरी येऊन कौशल्याबाईला बजावलं, कोणाला सांगशील तर खबरदार. तिनं फक्त शेजारच्या शकुनबाईला सांगितलं, तेही विहिरीवर, गळ्याची शपथ घालून. शकुनबाईनं घागर घरी नेऊन ठेवेपर्यंत शपथ पाळली. निघताना हाड कमरेचं होतं, पारावर पोचेपर्यंत ते कुल्ल्याचं झालं.

ऑपरेशननंतर कमरेवरचा टाका ओला असताना तेजराम लंगडायचा. पाय मुरगळला, म्हणायचा. लोक मोठ्या अदबीनं जागा करून देत, "बसा राजे, पन सांभाळून." दुखणं खरं होतं, जबडा सुजून भोपळा झाला होता, पेज पिऊन पिऊन जीव विटला होता. तरी माणसानं तक्रार केली नाही. हाड धरलं, पुढे स्क्रू बसला, तोही मुरला, आणि धान पिवळं पडायच्या सुमारास दात बसला. इश्वर पाटलानं दोन बोटांनी ओढून पाहिला. हलला नाही. राजाचं काम परत मिळालं.

मंडईला मांडव गच्च भरला होता. जरीचा अंगरखा घालून तेजराम सिंहासनावर बसला, छाती फुगवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "या सिंहासनावर आज मी स्वतः बसलो आहे!"

बायकांच्या बाजूनं आवाज आला, "मंग तोंडातून बोलून कोन रायला वो?"

मांडवात हशा फुटला. बायकांनी तोंडात पदर कोंबले. सेनापती झालेला भोजराज इतका हसला की त्याची दाढी निघून हातात आली. तेजराम हटला नाही. एकेक वाक्य स्वच्छ, एकही अक्षर निसटलं नाही, आणि प्रत्येक वाक्याला हशा. राणीचा मृत्यू झाला तेव्हा तर माणसं लोळली. पडद्यामागे येऊन तो खरोखर रडला. तेही पाहायला चारजण आलेच.

मंडई उठल्यावर मंडळ त्याच्या ओसरीवर आलं. इश्वर पाटील खुशीत होता.

"तेजराम, असं नाटक गावात झालं नाई. अड्याळवाले बलावून रायले. मनते, तोच मानूस पायजे."

तेजरामचा चेहरा उजळला. "राजा म्हनून?"

"राजा भोजराज. तू विदूषक."

तेजराम ताडकन उठला. "मी मेलो तरी विदूषक होनार नाई! समजलं? होनार नाई मनजे नाई!"

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. मंगरूला आधी ठसका लागला, मग सगळेच पोट धरून हसायला लागले. इश्वर पाटलानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"बस बस! अस्संच मनजो तिथं," तो म्हणाला. "एक अक्षर बदलू नोको."