लाल पट्टी आणि एक टाळी

उरलेली जागा: शून्य

तळघरातल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत तीन माणसं बसली की चौथ्याला श्वास पुरत नाही. मंगळवारी सकाळी तिथं चौदा माणसं होती आणि चौदाही जण ओठ मिटून 'म्म्म्म' करत होते. मधोमध टेबल, टेबलाखाली कॉम्प्युटरचा खोका, खोक्यावर, यंत्रांचा भार हलका करतात म्हणून बोलावलेल्या हलकेबाबांचा तळहात. सगळ्यांचे डोळे मिटलेले.

टाळी.

सगळ्यांचे नाही. कात्रीचे उघडे होते. पण तिच्यासमोर शेजारच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची रुंद पाठ होती, म्हणून तिलाही काही दिसलं नाही.

ही टाळी काय ते आधी सांगितलेलं बरं. हे अंधांसाठीच्या बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय. इथला नियम असा, की वाचणारा चुकला तर रेकॉर्डिंग थांबवायचं नाही. एक टाळी वाजवायची, वाक्य पुन्हा वाचायचं, पुढे जायचं. टाळीचा आवाज पडद्यावर काट्यासारखा उभा दिसतो, आणि काटा दिसला की चूक सापडली. त्या चुका कापायचं काम जिच्याकडे, ती कात्री. बारशातलं नाव सासरी बदललं आणि नोकरीत हरवलं. आता घरीसुद्धा कात्रीच म्हणतात.

'म्म्म' थांबलं. हलकेबाबांनी डोळे उघडले, कपाळ पुसलं. पडद्यावरची, डिस्क भरल्याची पट्टी लालच होती. दोन जीबी जागा सुटली होती, पण ती म्हणजे दर्यात खसखस.

"आज यंत्र सोडत नाही," बाबा म्हणाले. "कुणाच्या तरी मनात शंका आहे. शंका फार जड असते."

सगळ्या माना कात्रीकडे वळल्या. कात्रीनं नेमकं थोड्या वेळापूर्वीच विचारलं होतं, की दर नऊ दिवसांनी ही जागा जाते तरी कुठे?

उरलेली जागा: दोन जीबी

बाबांनी उपाय सांगितला. यंत्राचा जीव जुन्या आवाजांत अडकलाय. शंका ज्या घरातली, त्याच घरातला आवाज सोडावा लागेल. उद्या सकाळी भूगोलाची आठ प्रकरणं ते स्वतःच्या हातांनी मिटवतील. एवढं बोलून ते कमरेत वाकले, कारण यंत्रांचा भार ते स्वतःच्या पाठीवर नेत असत, आणि कंपाउंडरच्या खांद्यावर हात टेकून जिना चढले. रस्त्यावर गेल्यावर ताठ झाले असतील. तिथवर कुणी बघायला जात नसे.

भूगोलाची आठ प्रकरणं वाचली होती कात्रीच्या सासूबाईंनी. तेहतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी 'पठार' म्हटलं की समोर पठार पसरत असे. घशात गाठ निघाली होती. शुक्रवारी ऑपरेशन. नंतर आवाज राहील, डॉक्टर म्हणाले, पण हाच राहील असं नाही. तोवर बोलणं बंद, फक्त वाचनापुरतं चालेल. अकरा प्रकरणांपैकी तीन बाकी, आणि पुस्तकाची वाट पाहणारी नऊ मुलं परीक्षेच्या तोंडावर. दुसरी प्रत नव्हती. प्रत ठेवायला जागाच कुठे होती?

बोलायची बंदी असल्यानं सासूबाई चिठ्ठ्या लिहीत. जीभ अडवली तर पेन्सिल सुटली होती. बाबा गेल्यावर त्यांनी सुनेच्या हातात एक चिठ्ठी ठेवली: 'खोक्याला मन असतं तर त्यानं आधी या माणसाला हाकललं असतं.'

ग्रंथपाल मात्र हात जोडून उभे होते. माणूस भला. इथलं प्रत्येक पुस्तक त्यांनी दारोदार फिरून जमवलेलं. ते कात्रीला म्हणाले, की त्यांनाही वाईट वाटतंय, पण पहिल्या भेटीत बाबांनी नुसता हात लावला आणि नऊ जीबी मोकळी झाली, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं?

पाहिलं तर तिनंही होतं. याचाच तिला जास्त राग आला.

उरलेली जागा: दोन जीबी, अजून

दुपारी घरी तिच्या हाताला चैन नव्हतं. डबे उघडले, लावले. पंखा बंद केला, चालू केला. शेवटी खिशातला छोटा रेकॉर्डर काढला. डिस्क भरल्यामुळे सकाळी नववं प्रकरण याच्यावर घेतलं होतं; निदान तेवढं तरी ऐकावं. हेडफोन लावला. सासूबाईंचा आवाज आला: नदी, गाळ, त्रिभुज प्रदेश. मग दार उघडल्याचा आवाज. मग बाबा. मग चौदा जणांचं 'म्म्म्म'.

रेकॉर्डर चालूच राहिला होता! मध्ये काहीही होवो, थांबवायचं नाही, हा नियम तिच्या हाडांत इतका मुरला होता, की बाबा आले तरी तिचं बोट बटणाकडे गेलं नव्हतं.

तिनं 'म्म्म'चा जाड, खालचा सूर कापला. रोजचंच काम ते, पंख्याची घरघर कापतात तसं. खाली उरले बारीक आवाज. कुणाची बांगडी. कुणाचं पोट. आणि मग स्पष्ट, दोन सुरांचं:

टुं-डिंग.

अर्ध्या मिनिटानं, उलटं:

डिंग-टुं.

कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावला आणि काढला, की तो हेच बोलतो.

तिनं हेडफोन सासूबाईंच्या कानांना लावला. त्यांनी दोनदा ऐकलं. पेन्सिल उचलली आणि लिहिलं: 'बाबा गप्प राहतील. खोका नाही.'

उरलेली जागा: सकाळपर्यंत शून्य

बुधवारी गर्दी दुप्पट. त्याग बघायला माणसं नेहमीच जास्त येतात. जिन्यातसुद्धा उभी होती.

कात्रीनं आधी मोठ्या स्पीकरवर कालचा तुकडा लावला. बाबा हसले. ते यंत्राचे उसासे, म्हणाले. भार सुटताना यंत्र कण्हतंच. लोकांनी माना डोलावल्या.

मग आज 'म्म्म' न करता हात ठेवावा, अशी तिनं विनंती केली. सगळे गप्प, सगळ्यांचे डोळे उघडे.

"नादाशिवाय भार हलत नाही, ताई."

"कॉम्प्युटरला कान नाहीत, बाबा. आम्हाला आहेत. तो नाद कुणासाठी?"

कुजबुज झाली. ग्रंथपाल तिला थांबवायला पुढे आले. नेमक्या त्या वेळी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून, ज्या आवाजाला वाचनाखेरीज चार दिवस कुलूप होतं, तो निघाला. तेहतीस वर्षांच्या वर्गांचा आवाज. मोठा नव्हता. मोठा असायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

"खिसा दाखव."

बाबांचा हात खिशाकडे गेला. विचार करण्याआधीच गेला. शाळेत गेलेल्या कुठल्याही माणसाचा गेला असता. बाहेर आला तेव्हा त्यात नखाएवढा काळा पेन ड्राइव्ह होता.

कात्रीनं तो लावला.

टुं-डिंग.

जिन्यातल्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, आणि खरं काम बहुतेक तसंच असतं. लपवलेल्या फायली दाखव, असं तिनं कॉम्प्युटरला सांगितलं. मग मोठी आधी, लहान नंतर, अशी रांग लावली. सगळ्यांत वर एकच फाईल: साडेएकतीस जीबी. उघडली तर आत काही नाही, नुसती शून्यं, कोट्यवधी शून्यं. शेजारी एक चिमुकला प्रोग्राम. तो रोज रात्री बाराला जागा होई आणि त्या फाईलला साडेतीन जीबी शून्यं चारून झोपी जाई. नऊ दिवसांत साडेएकतीस. बाबा यायचे, पेन ड्राइव्ह लावून फाईल पुसायचे, प्रोग्राम तसाच ठेवून जायचे. काल त्यांनी तिच्यातली दोनच जीबी पुसली, आणि रात्री प्रोग्रामनं ती परत भरली. शंकेची शिक्षा द्यायची होती.

तिनं प्रोग्राम काढला. फाईल पुसली. पट्टी निळी झाली. कुणी 'म्म्म' केलं नव्हतं.

"पण पहिल्या दिवशी?" ग्रंथपालांनी विचारलं. "तेव्हा तर त्यानं काही ठेवलेलं नव्हतं."

"तेव्हाची जागा माझी होती," कात्री म्हणाली. "कापलेल्या चुका मी कचऱ्याच्या टोपलीत टाकत होते. टोपली कधी रिकामी केलीच नाही. मला वाटायचं, टाकलं म्हणजे गेलं. सहा वर्षांच्या चुका, नऊ जीबी. त्यांनी फक्त टोपली उपडी केली."

आणि टेबलाखालच्या त्याच खोक्यात दुसरी डिस्क होती. चारशे जीबी, संपूर्ण रिकामी. बसवणाऱ्यानं तिला 'राखीव' असं नाव दिलं होतं, आणि राखीव म्हटल्यावर कुणी हात लावला नव्हता. कात्रीनं आठही प्रकरणं तिकडे हलवली, एक प्रत वेगळी काढली, आणि यापुढचं रेकॉर्डिंग थेट तिकडेच जाईल अशी सोय केली. सगळं मिळून पाऊण तास.

त्या पाऊण तासात बाबा निघून गेले होते. पाठ ताठ होती, हे जिन्यातल्यांनी पाहिलं.

उरलेली जागा: पुरेशी

लोक पांगले. कंपाउंडर जाताना विचारून गेला, की त्याच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर ती मोठी फाईल कशी शोधायची. कात्रीनं कागदावर चार ओळी लिहून दिल्या. तेवढ्याच लागतात.

ग्रंथपाल गेले नाहीत. ते दाराशी उभे राहिले, चष्मा काढला, लावला. मग त्यांनी दोन्ही हात समोर आणले. कालपर्यंत याच खोलीत ते जोडलेले होते. आज त्यांनी एक टाळी वाजवली. एकच.

इथं सगळ्यांना तिचा अर्थ माहीत होता.

चूक सगळ्यांकडून होते. हुशार माणसांकडून होते, भल्यांकडून होते, सहा वर्षं टोपली न ओतणाऱ्यांकडूनही होते. तिची लाज वाटून डोळे मिटले की कुणीतरी खोक्यावर हात ठेवायला येतंच. म्हणून डोळे उघडे ठेवावेत आणि जागा कुठे गेली हे विचारावं. उत्तर मिळेपर्यंत विचारावं.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. सासूबाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी नववं प्रकरण जिथं तुटलं होतं तिथून उचललं. नदी समुद्राला मिळते तिथं गाळ साचतो, त्या वाचत होत्या, आणि नदी त्याला वळसा घालून दुसरी वाट काढते. आवाज मध्ये एकदा फाटला.

टाळी.

त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं, आणि पुढे गेल्या.